आवाज आला की बोट वर

"आवाज आला की बोट वर करायचं, काका. कितीही बारीक असू दे. नाही आला तर करायचं नाही. एवढंच."

सरकारी रुग्णालयातल्या कान तपासणाऱ्या पोतदार मॅडम हे सांगत होत्या तेव्हा आप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी मान हलवली, चपला काढल्या आणि देवळात शिरावं तसे बूथमध्ये शिरले. बूथ म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठी खोली. आतून भिंतींना राखाडी स्पंज, एका बाजूला जाड काच, मधोमध एक खुर्ची. मॅडमनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, लाल बाजू उजवीकडे, निळी डावीकडे. खुर्ची थोडी तिरकी केली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"तुम्ही माझ्या मागं उभ्या राहा," त्या मला म्हणाल्या. "खाणाखुणा करायच्या नाहीत."

"नाही करणार."

"सगळे असंच म्हणतात."

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन चार महिने झाले होते आणि हातात नोकरी नव्हती. आप्पा, म्हणजे माझे वडील कल्लाप्पा सुतार, साठीला आले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. ग्राहक आयोगापुढं आम्ही डॉ. हेर्लेकरांविरुद्ध तक्रार केली होती, की त्यांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांनी आप्पांचा कान गेला. आयोगानं सांगितलं होतं, किती गेला ते सरकारी रुग्णालयातून लिहून आणा. बाकीचे कागद आमच्याकडे होते: चिठ्ठ्या, पावत्या, कल्चरचा रिपोर्ट. हा एक आला की तक्रार उभी राहणार होती. नाही आला तर तिथंच संपणार होती.

आप्पा तंबोरे करत नसत. मिरजेत ते करणारी घरं बरीच आहेत. आप्पा फक्त जवारी काढत. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीनं केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. जमलं की त्या एका तारेतून तिच्या वरचे बारीक सूर पाझरायला लागतात, आणि खोली भरते. किती घासायचं याचं माप नाही. कुठं थांबायचं हे कान सांगतो. आप्पा हे तंबोरे करणाऱ्या दस्तगीरचाचांच्या दुकानात बसून शिकले, आणि पुढं धारवाडपासून पुण्यापर्यंतच्या गाणाऱ्या लोकांचे तंबोरे त्यांच्याकडं येत राहिले.

त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी त्यांना लघवीचा संसर्ग झाला. साध्या गोळ्यांनी हटेना. कल्चर केलं, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं लावून बघितली, तर जंतू जवळजवळ कशालाच दाद देईना. अमिकासिन चालेल असं रिपोर्टात आलं. डॉ. हेर्लेकरांनी रोज एक इंजेक्शन सुरू केलं, सात दिवस. ताप गेला. मग "मुळापासून जाऊ दे" म्हणून आणखी सात. औषध चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. चूक होती ती न बघण्यात. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर ते शरीरात साठतं आणि आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी मारतं. त्या पेशी परत उगवत नाहीत. सगळ्यात वरचे, सगळ्यात बारीक आवाज आधी जातात. म्हणून आधी रक्त तपासायचं असतं, आणि मधेच कानात आवाज यायला लागला तर हात थांबवून विचार करायचा असतो. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावर हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. आप्पांना दिसायची ती नुसती बाटली. खोकं कंपाउंडरच्या टेबलाखाली राहायचं.

रक्त कुणी तपासलं नाही. नवव्या दिवशी आप्पांच्या कानात रातकिडा ओरडायला लागला. कंपाउंडर बिरनाळे म्हणाला, "अशक्तपणा हाय. ताक प्या."

कान गेल्याचं आम्हाला कळलं ते दोन महिन्यांनी, धारवाडच्या एक गाणाऱ्या बाई आपला तंबोरा परत घेऊन आल्या तेव्हा. मी सुट्टीला घरी होते.

"कल्लाप्पा, हे काय करून ठेवलंय?" त्या म्हणाल्या. "पत्रा ओढत नेल्यासारखं वाजतंय."

आप्पांनी तार छेडली, भोपळ्याला कान लावला, परत छेडली. "मला तर गोड लागतंय."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

त्यांनी तारा सैल करून घोडी काढून बघितली. मीही बघितली. बारीक सूर ऐकू येईनात म्हणून ते येईपर्यंत आप्पा घासत राहिले होते. माथा पार खाली गेला होता.

मी आप्पांना घेऊन हेर्लेकरांकडं गेले. बरोबर त्या घडीच्या कागदाची झेरॉक्स होती. त्यांनी ती वाचली नाही, माझ्याकडं मात्र कौतुकानं बघितलं. "एम.एस्सी. करतेस? छान. अगं, या वयात सगळ्यांचंच ऐकणं कमी होतं. माझी बायको म्हणते, मला तर लग्नापासूनच ऐकू येत नाही."

आप्पाही हसले. ते डॉक्टरांवर कधी रागावलेच नाहीत. राग सगळा माझा होता.

वकील मी शोधला. मगदूमबाई. त्यांनी पहिल्याच भेटीत बोटांवर मोजत सगळे रस्ते सांगितले. "पोलिसांत गेलात तर फार ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तिथं डोकं आपटू नका. मेडिकल कौन्सिलकडं गेलात तर डॉक्टरला समज मिळेल, फार तर नोंदणी काही दिवस थांबेल, तुमच्या हाताला काही लागणार नाही. दिवाणी कोर्टात ही मुलगी म्हातारी होईल. ग्राहक आयोग बरा. फी देऊन उपचार घेतलेत म्हणजे तुम्ही ग्राहक. पण दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे. आणि दाखवायचं काय, तर त्यांनी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही, तुमचं नुकसान झालं, आणि ते त्यामुळंच झालं."

"नुकसान म्हणजे?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही, हे. ते सर्टिफिकेटवर येईल, निकालात छापून येईल."

"गल्लीत कळंल."

"गल्लीत अजून माहीत नाही?"

"संशय हाय," आप्पा म्हणाले. "संशयावर अजून दोन-चार तंबोरे येत्यात."

मगदूमबाईंनी वहीचं पान उलटलं. मग पुढं म्हणाल्या, "तुमची उलटतपासणी होईल. कानात आवाज येतोय हे तेव्हा कुणाकुणाला सांगितलंत?"

"कंपाउंडरला."

"आणखी? घरी?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. "न्हाई. घरी कुणाला न्हाई."

त्यांनी तसं लिहून घेतलं. प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं तेव्हा आप्पांनी त्यावर सही केली, लाकडावर खूण करावी तशी दाबून. मी शेजारीच बसले होते.

तर त्या दिवशी, बूथबाहेरच्या बाकावर आमचा नंबर अकरावा होता. आप्पांच्या शेजारी पिठाच्या गिरणीत जन्म घालवलेला एक म्हातारा बसला होता. भुवयांवर अजून पीठ असावं तसा पांढरा.

"तुमचं किती टक्के?" त्यानं आप्पांना विचारलं.

"अजून मोजायचंय."

"चाळीसच्या वर निघालं पाहिजे बघा. मी मागच्या बारीला पस्तीसवर नापास झालो. एस्टीचा पास मिळाला न्हाई, काय न्हाई."

"नापास म्हणजे बरं ऐकू येतंय न्हवं?"

"काय म्हणालासा?"

"काय न्हाई. पास व्हशीला म्हटलं."

म्हातारा खूश झाला. आप्पा माझ्याकडं वळले. "आपल्याला किती पाहिजेत गं, रेवू?"

"किती पाहिजेत असं नसतं, आप्पा. जेवढं आहे तेवढं येणार. मशीन असतं ते."

"मशीनच्या मागं माणूस असतंय न्हवं?"

मला ते नेहमीचं बोलणं वाटलं. मी त्यांना पुन्हा एकदा समजावलं, की ऐकू आलं नाही तर गप्प बसायचं, लाजायचं नाही, उलट आपल्याला तेच दाखवायचं आहे. त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली.

आणि आता ते काचेपलीकडं डोळे मिटून बसले होते, हात मांडीवर, तर्जनी तयार.

मॅडमनी एक हजार हर्ट्झच्या, मधल्या पट्टीतल्या आवाजानं सुरुवात केली. बटण दाबलं की मशीनवर छोटा हिरवा दिवा लागायचा, बोट वर झालं की त्या तक्त्यावर खूण करायच्या. तक्त्यात डावीकडून उजवीकडं आवाज जाड ते बारीक होत जातात. खूण जितकी वर तितका कान चांगला. एक हजारला आप्पांचं बोट झटकन वर गेलं. आवाज कमी केला, तरी गेलं. दोन हजारला ते उशिरा गेलं, आणि दोनदा गेलंच नाही. मला वाटलं, येतंय. अगदी पुस्तकात दाखवतात तसाच उतार येतोय. हे सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी बरं वाटलं.

चार हजारला दिवा लागला. बोट हललं नाही. आवाज वाढवला. दिवा, बोट नाही. आणखी वाढवला. नाही.

तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

मी मागाहून पुष्कळ वेळा विचार केला आहे, की त्यांना कळलं कसं. आवाज न येणं ऐकू येत नाही. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं एका तारेनंतर दुसरी तार कधी येते हे मोजलं, त्याला मॅडमच्या दोन बटणांमधलं अंतर पाठ व्हायला पाच मिनिटं पुरली असणार. इतका वेळ काहीच नाही म्हणजे काहीतरी येऊन गेलं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी मान हलवली नाही. फक्त नजर तिरकी करून काचेतून बघितलं, आणि मॅडमचा उजवा कोपर सापडला. बटण दाबताना तो बोटभर बाहेर यायचा.

दिवा लागला. कोपर हलला. बोट वर.

पुढचं सगळं मी उभ्यानं बघितलं. चार हजारला बोट वर. सहा हजारला बोट वर. आवाज कमी करत नेला तरी बोट वर. आठ हजारला पंधरा डेसिबल, आणि बोट वर. तितका बारीक आणि तितका हळू आवाज त्यांच्या वयाच्या, जन्मभर कानशीच्या खरखरीत बसलेल्या माणसाला इंजेक्शन टोचलं नसतं तरी आला नसता. तक्त्यावर खुणा वर वर चालल्या होत्या, एका सरळ रेषेत. आप्पांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नुसती एकाग्रता. दुकानात तंबोरा मांडीवर असताना असायची तीच.

मॅडमनी मान खाजवायला हात वर केला. बोट वर गेलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची वळवून माझ्याकडं बघितलं.

"केस तुमचीच आहे ना? डॉक्टरवर?"

"हो."

"मग हे काय चाललंय? मी इथं सात वर्षं आहे. रोज कुणीतरी बहिरेपणाचं नाटक करायला येतं. ऐकू येण्याचं नाटक करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

मी काचेतून आप्पांकडं बघितलं.

"त्यांना पाठ करून बसवते आणि परत घेते," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. बाहेर अजून नऊ माणसं होती. "दहा मिनिटांचं काम आहे. पण माणूस तयार नसेल तर त्यालाही काही अर्थ नाही. तुम्ही आत जाऊन समजवा."

बूथमध्ये गेल्यावर माझेच कान कुणीतरी दाबल्यासारखे झाले. तिथं शब्द तोंडातून निघतो आणि तिथंच पडतो. आप्पांनी हेडफोन काढून मांडीवर घेतला होता.

"झालं?"

"मॅडम म्हणतायत, परत घेऊ. भिंतीकडं तोंड करून बसायचं."

"का? आले की सगळे."

"आप्पा, मी बघत होते."

"मग? कितीला चुकलो?"

"चुकला नाहीत. तेच तर."

ते हेडफोनच्या वायरीला पीळ घालत बसले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मला कुणी म्हटलं न्हाई, कल्लाप्पा, तुला हे ऐकू आलं न्हाई म्हणून. हितं त्या पोरीम्होरं बोट खाली धरून बसायचं मला जमत न्हाई. बसून बघितलं. जमत न्हाई."

"आपण त्याचसाठी आलोय ना?"

"तू आलीस. मी तुज्याबरुबर आलो."

मी दार आणखी ओढून घेतलं.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "ऐकू येतंय असं एकदा कागदावर आलं, की फुडचं कुणी इचारत न्हाई. आवाज कवा सुरू झाला, कुणाला सांगितलं. इचारायचं कारणच ऱ्हात न्हाई."

त्या दिवशी सकाळपासून ते माझ्या ओठांकडं बघून बोलत होते. हे बोलताना त्यांनी माझ्या डोळ्यांकडं बघितलं. मग वायर सोडून दिली.

कंपाउंडरनं ताक प्यायला सांगितलं त्याच संध्याकाळी आप्पांनी मला कोल्हापूरला, हॉस्टेलवर फोन केला होता. आमच्या विभागात तेव्हा अँटिबायोटिकचा जागृती सप्ताह चालला होता आणि माझ्या बोटांना पोस्टरचा लाल रंग लागलेला होता. त्यामुळं मी फोन दोन बोटांत धरला होता, हे मला नीट आठवतं.

"रेवू, कानात रातकिडा बसलाय बघ. इंजेक्शनं थांबवू काय? अजून पाच हायत."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "अर्धवट सोडलं की जंतू आणखी बळावतात, मग काहीच चालत नाही. कोर्स पूर्ण करायचा. मी हेच शिकतेय ना, आप्पा?"

"बरं. तू म्हणतीस तर."

पोस्टरवरही मी तेच लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या औषधांच्या पुस्तकात अमिकासिनचं पान माझ्या टेबलावर हाताच्या अंतरावर होतं, आणि त्या पानावर कानाबद्दल चार ओळी होत्या. त्या मी पुढं धारवाडच्या बाईंचा तंबोरा परत आल्यावर वाचल्या. आप्पांनी ती पाच इंजेक्शनं घेतली, एकही दिवस न चुकवता, चालत जाऊन.

डॉक्टरांना मी ज्या प्रश्नासाठी आयोगापुढं ओढलं होतं, तो प्रश्न आप्पांनी मलाही विचारला होता. डॉक्टरांना तर बिरनाळेनं तो कधी सांगितलाही नसेल. मला थेट विचारला होता, आणि मी लगेच उत्तर दिलं होतं. आमच्यात यावर कधीच बोलणं झालं नव्हतं. मगदूमबाईंच्या टेबलासमोर आप्पांनी "घरी कुणाला न्हाई" म्हटलं तेव्हाही नाही, घरी परत येताना बसमध्येही नाही. मी मनाशी असं ठरवलं होतं, की ते विसरले असावेत.

बूथमध्ये मी त्यांच्यासमोर दीड-दोन मिनिटं उभी होते. तिथं पंखासुद्धा नव्हता. मी काहीही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं असतं. मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले.

"तयार आहेत?" मॅडमनी विचारलं.

"त्यांना ऐकू येतं," मी म्हणाले. "जरा गोंधळले होते, एवढंच."

त्यांनी तक्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही सायन्सच्या ना? मघाशी म्हणालात."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी शब्दांची चाचणी घेतली, तीही आप्पा काचेतून ओठ वाचून पास झाले. मग त्यांनी खाली लिहिलं: दोन्ही कानांची श्रवणक्षमता वयाच्या मानानं चांगली, काही प्रतिसाद विसंगत. सही केली, शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि पुढचं नाव पुकारलं. गिरणीवाला म्हातारा ऐकू न आल्यासारखा बसून राहिला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की तो तयारी करत होता, कोण जाणे.

निकाल चार महिन्यांनी आला. त्यात रक्त न तपासल्याबद्दल डॉक्टरांवर एक नाराजीचं वाक्य होतं, आणि पुढं होतं की तक्रारदाराची कोणतीही हानी सिद्ध होत नसल्यानं तक्रार फेटाळण्यात येते. मगदूमबाई म्हणाल्या, अपील करता येईल, पंचेचाळीस दिवस आहेत. पुण्याला एक तपासणी होते, डोक्याला तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते मोजतात, तिथं बोट वर करावं लागत नाही. मला ती तपासणी माहीत होती. पहिल्या दिवसापासून माहीत होती. आप्पा नको म्हणाले आणि मी आग्रह केला नाही. पंचेचाळीस दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. काही केलं नाही म्हणजे दिवस जातातच.

आयोगाच्या कागदावर त्यांचा कान शाबूत होता, पण तंबोरे यायचे थांबले. संशय तर होताच, आणि कागद दाखवून कुणी गिऱ्हाईक आणत नाही. धारवाडच्या बाईंनी एकदा दिवाळीला फोन केला, तब्येत विचारली, कामाचं काही बोलल्या नाहीत. आप्पा आता दुकानात बसतात, खुंट्या कातून देतात, भोपळ्यांना रंग देतात. मी एका लॅबमध्ये कल्चरचे रिपोर्ट करते. कुठल्या जंतूला कुठलं औषध चालेल ते लिहायचं, चालेल तिथं एस, नाही तिथं आर. अमिकासिनसमोर एस आला की मी खाली एक ओळ टाइप करते: मूत्रपिंडाची तपासणी करावी, कानात आवाज आल्यास त्वरित कळवावं. छापील रिपोर्टात ती ओळ येत नाही. साच्यात तिला जागा नाही असं सरांनी सांगितलं आहे.

मला मात्र आठवत राहते ती त्या दिवसाची दुपार. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रस्त्याला उतार आहे. आप्पा पुढं चालले होते, हलके, काम उरकल्यासारखे. मी दोन पावलं मागं होते. रस्त्यावर गर्दी होती, फळांचे गाडे होते, कुणीतरी स्टोव्ह पेटवत होतं. मी नेहमीच्या आवाजात, ना हळू ना मोठ्यानं, म्हणाले, "आप्पा, मी सांगितलं म्हणून तुम्ही ती पाच घेतलीत. माझं चुकलं."

ते चालत राहिले.

मागून सायकल आली. सायकलची घंटी बारीक आवाजाची असते, तीन-चार हजारांच्या वरची. ती एकदा वाजली, दोनदा वाजली, अगदी जवळ येऊन तिसऱ्यांदा वाजली. आप्पा रस्त्याच्या मधे तसेच चालत होते. मी दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. सायकलवाल्यानं पाय टेकला. त्याच्या हँडलला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या होत्या आणि एक हिंदकळली होती.

"ओ मामा, बहिरं हायसा काय?"

हे त्यांना ऐकू आलं.

"न्हाई बाबा," आप्पा म्हणाले. "आत्ताच तपासून आलोय."

सायकलवाला हसला आणि निघून गेला. आप्पाही हसत माझ्याकडं वळले. मग त्यांना वाटलं असावं, की मी काहीतरी म्हणत होते, कारण ते थांबले आणि माझ्या ओठांकडं बघायला लागले.

मी ओठ मिटून घेतले.